गाडी मुक्कामी ठेवावी

आबा,

परवा मी मुक्कामी गाडीनं आपल्या गावाला जाऊन आले. आई गेल्यावर आपण ते गाव सोडलं ते सोडलंच. तुम्ही पुढं कितीतरी वर्षं लाल गाडी चालवलीत, पण त्या घाटाची ड्युटी पुन्हा कधी घेतली नाहीत. मी गेले ती काही हौसेनं नाही, भांडून गेले. ते भांडण कुणाशी केलं आणि कशापायी, हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यातलं अर्धं तुमच्याशीच होतं. तुम्ही हयात असताना हा विषय निघाला की तुम्ही रेडिएटरमधलं पाणी बघायला उठून जायचात. आता कुठं जाल? बसा आणि ऐका.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात आपलं गाव, आणि गावाला दिवसातून एकच गाडी. संध्याकाळी घाट चढून यायची, रात्रभर मारुतीच्या पाराशी उभी राहायची, आणि तांबडं फुटायच्या आत खाली तालुक्याला निघायची. दूध तिच्यातच, बाजारची कोथिंबीर तिच्यातच, तापानं फणफणलेलं पोर तिच्यातच आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले भावकीतले दोन्ही पक्षही तिच्यातच. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, आणि त्यांच्या जेवणाची घरोघर पाळी असायची. ही ड्युटी तुम्ही मुद्दाम मागून घेतली होती, कारण मुक्काम म्हणजे घरचा मुक्काम. त्यामुळं पाळीची भाकरी एकट्या कंडक्टरला यायची, आणि तो जेवायला आपल्याच ओट्यावर बसायचा. नागलीची भाकरी, उडदाची दाळ, वर ठेचा. आई तुमचा खाकी शर्ट दोन पाण्यांनी धुवायची, तरी त्याचा वास जायचा नाही. "तुन्हा बाप जेवस कमी, डिझेलच पेस," असं म्हणून ती हसायची. मीठ धुळ्याहून येतं, कापड धुळ्याहून येतं, तसं डिझेलही धुळ्यातच कुठंतरी पिकत असेल, असं मला खूप दिवस वाटत होतं.

त्या हिवाळ्यात आखातात युद्ध पेटलं. आपल्या गावाला त्याचं काय? रेडिओवर दोन देशांची नावं यायची, ती पाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना नीट उच्चारताही यायची नाहीत. पण डिझेल तुटलं. आगाराच्या पंपावर टँकर येईनात आणि आले तर अर्धे यायचे. मग एके दिवशी तुम्ही संध्याकाळची गाडी घेऊन आलात आणि इंजिन बंदच केलं नाहीत. आगारातून हुकूम झाला होता: आजपासून मुक्काम बंद, प्रवासी उतरवायचे आणि टाकीतल्या डिझेलसह गाडी रात्रीच खाली आणायची. आई ओट्याच्या कडेला उभी होती, दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर. ती म्हणाली, "जा तुम्ही. माले आजून आठ दिन शेतस." दाईनं तिला तेच सांगितलं होतं. तुम्ही गेलात. पाराशी गाडी नसलेली ती पहिलीच रात्र होती, आणि त्याच रात्री तिच्या कळा सुरू झाल्या.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. उजाडल्यावर मामानं आणि शेजारच्यांनी गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि तिला घेऊन घाट उतरायला लागले. मी मागून चालत होते, तिच्या चपला हातात घेऊन, कारण दवाखान्यात उतरल्यावर तिला त्या लागतील असं मला वाटत होतं. रस्त्यात ती एकदाच बोलली, पाणी मागितलं. डांबरी सडक दिसायला लागली तेव्हा मामानं झोळी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. बाळही पोटातच गेलं. तुम्हाला निरोप पोहोचला तेव्हा तुम्ही शहराच्या फेरीवर होतात. तेच डिझेल, आबा, जे आदल्या संध्याकाळी आपल्या दारातून परत गेलं होतं.

दहावा झाल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, "गाडी काब्र नही ठेवी?" तुम्ही माझ्यावर हात उगारलात, मग खाली घेतलात. "गाडी आपली नही शे, माय," तुम्ही म्हणालात, "तिनामानं डिझेल ते आपला देसनंबी नही." शाळेत गुरुजींना सांगून मी नकाशावर आखात शोधलं. निळ्या रंगाचा एक चिंचोळा तुकडा. साक्रीपासून माझी वीतसुद्धा पुरी भरली नाही. एवढ्याशा पाण्यात कुणीतरी कुणाच्या तरी जहाजावर आग टाकतं, आणि समुद्र कधी न पाहिलेली माझी आई घाटात मरते. हे गणित मला तेव्हा सुटलं नाही. आता सुटलंय, पण त्यानं राग कमी झाला असं समजू नका.

खरं तर माझा राग आखातावर नव्हताच, तुमच्यावर होता. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही. मी कंडक्टर म्हणून लागले तेव्हा तुम्ही मला काळे बूट आणून दिलेत. "उभी नोकरी शे, पाय सांभाळ," एवढंच बोललात. त्या बुटांवर मी पहिल्यांदा आगारात गेले, तेव्हा तुमचा जुना कंडक्टर, आपल्या ओट्यावर जेवणारा तोच, मला कँटीनमध्ये चहाला घेऊन गेला आणि त्या संध्याकाळची एक गोष्ट त्यानं मला सांगितली. हुकूम आला तेव्हा त्यानं तुम्हाला सुचवलं होतं, "इंजिन गरम व्हयनं म्हणीसन लिखी टाका. गाडी नादुरुस्त. सकायले जाऊत. वहिनीना दिवस भरत ई ऱ्हायनात." सगळे ड्रायव्हर तेच करतात. घाटात कोण तपासायला येतं? आणि तुम्ही म्हणालात, "चांगली गाडीले नादुरुस्त कशी लिखू?" तुमच्या लॉगशीटवर उभ्या जन्मात कधी नादुरुस्त हा शब्द आला नव्हता. तुम्ही गाडीला पोटच्या पोरीसारखी जपायचात. तिच्यावर खोटा आळ घ्यायला तुमचा हात उठला नाही, आणि मग खऱ्या पोरीची आई गेली. चहा तसाच टाकून मी उठले. त्या दिवसापासून तुमच्याशी नीट बोलले नाही, आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत. बाप-लेक दोघंही एका माळेचे मणी.

आता यंदाचं ऐका. मी कंडक्टर असताना खात्याच्या परीक्षा देत देत वाहतूक नियंत्रक झाले आहे. म्हणजे कोणती गाडी कधी सुटेल, कोणती रद्द होईल हे माइकवर ओरडणारी बाई. आगाराचं नाव इथं लिहीत नाही. हा कागद कुणाच्या हाती लागला तर उगाच सुक्याबरोबर ओलं जळायला नको. तर यंदा आखातात पुन्हा भडका उडाला. जहाजं अडली, टँकर अडले, पंपांवर ड्रम-कॅनच्या रांगा लागल्या. रावेरकडून येणारे ड्रायव्हर सांगत होते, केळीच्या गाड्या भरून उभ्या आहेत, डिझेल नाही, केळी जागच्या जागी पिवळी पडतायत. तुम्ही गेल्यावर केवढं काय काय बदललं म्हणून सांगू! तिकिटाचं यंत्र आलं, मोबाइल आले, गाडी कुठं आहे ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. बदललं नाही ते एवढंच की तेल परक्याच्या विहिरीतून येतं आणि विहिरीवर मारामारी झाली की पहिली घागर आपल्या डोंगराची फुटते.

ती डोंगराचीच का फुटते, तेही सांगते. फेऱ्या कमी करायच्या म्हटल्या की भारमान बघतात. कोणत्या गाडीत किती उत्पन्न, त्यावरून गाडी भरलेली की रिकामी ते ठरतं. आता आपल्या घाटाच्या गाडीत कोण बसतं? पासवाल्या शाळकरी पोरी आणि ज्यांना तिकीट नाही असले म्हातारे-म्हाताऱ्या. गाडी दारापर्यंत ठासून भरलेली, आणि यंत्राच्या हिशेबात ती रिकामी धावते! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पडद्यावर तेवढंच दिसतं. हे मी मीटिंगमध्ये बोलले आहे, एकदा नाही, दरवेळी. आमचे आगार व्यवस्थापक वयानं माझ्याहून बरेच लहान, माणूस वाईट नाही. ते मान हलवतात आणि म्हणतात, "मॅडम, तुमचं खरं आहे, पण वरून आदेश आहे." वरून म्हणजे कुठून, हे मी विचारते तेव्हा तेही छताकडे बघतात.

परवा दुपारी फोन आला. घाटाची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. फलाटावर गर्दी झालेली, पोरी दप्तरं छातीशी धरून उभ्या. व्यवस्थापक म्हणाले, "गाडी वर सोडा, पण मुक्काम नको. प्रवासी उतरवून लगेच परत बोलवा. टाकीतलं डिझेल उद्या शहराच्या फेऱ्यांना लागेल." आबा, शब्द न् शब्द तोच. एवढी वर्षं गेली, पण हुकूम लिहिणाऱ्याला नवा शब्द सुचला नाही. दुसऱ्या दिवशी बारावीचा पहिला पेपर होता. केंद्र खाली तालुक्याला. त्या पोरी परीक्षेच्या आधी घरी निघाल्या होत्या, कारण तालुक्यात मुक्कामाला त्यांचं कुणी नाही, आणि सकाळच्या गाडीनं त्या पेपरला यायच्या होत्या. आपल्याकडे एक पेपर बुडाला की फक्त पेपर बुडत नाही. बाप म्हणतो, झालं शिक्षण, आणि पुढच्या लग्नसराईत पोरीच्या डोक्यावर अक्षता पडतात. मी व्यवस्थापकांना म्हटलं, "साहेब, शहराला दर अर्ध्या तासाला गाडी आहे, जीपा आहेत, रिक्षा आहेत. उद्याच्या दुपारच्या दोन फेऱ्या मी रद्द करते. घाटाची नाही करणार." ते म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या अधिकारात नाही." मी म्हटलं, "ठाऊक आहे," आणि फोन ठेवला.

गाडीवर ड्रायव्हर होता एक तरुण पोरगा, आपल्याच बोलीचा. मी त्याला केबिनजवळ बोलावून सगळं सांगितलं. तो हसला. "मॅडम, टेन्शन लेऊ नका. वर गये का 'क्लच गया' लिखी टाकस. घाटमा कोण बघाले येई?" किती सहज म्हणाला! आणि मी, जिनं तुमच्यावर याच एका गोष्टीसाठी जन्मभर दात धरला, मी काय म्हणाले असेन? "चांगली गाडीले खराब लिखानं नही." माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि माझी मीच दचकले. पोरगा गोंधळला. "मंग मॅडम, लेखी द्या. मन्ही नवी नोकरी शे." बरोबर होतं त्याचं. मी त्याच्याकडून लॉगशीट घेतली आणि शेऱ्याच्या जागी ठळक अक्षरात लिहिलं: गाडी मुक्कामी ठेवावी. सकाळी परीक्षार्थी आहेत. आदेश याच्या उलट आहे, तो मला माहीत आहे. जबाबदारी माझी. खाली सही केली.

मग वाटलं, हा कागद घेऊन पोरगा वर जाईल, आणि वाटेत त्याच्या मोबाइलवर फोन आला तर? कुणीतरी दरडावेल आणि तो बिचारा गाडी वळवेल. म्हणून केबिन सहकाऱ्याच्या हवाली केली, पर्स उचलली आणि मी गाडीत जाऊन बसले. घाटाच्या पायथ्यापर्यंत फोन वाजत राहिला, त्याचा आणि माझा आळीपाळीनं. दोन्ही फोन मी माझ्या मांडीवर घेऊन बसले होते, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं, "मी गाडीतच आहे साहेब, काय बोलायचं ते मला बोला." घाटात रेंज जाते. इतकी वर्षं त्या रेंजला मी शिव्या घातल्या. परवा दोन्ही हात जोडले.

पाराशी गाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात बातमी आधीच पसरली होती की मुक्काम बंद होणार. बायका घोळका करून उभ्या. एक पोरगी गाडीच्या दाराशी येऊन म्हणाली, "सकायले पेपर शे मॅडम. गाडी जाई ना?" मी म्हटलं, "जाई." तिचा विश्वास बसला नाही. तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, तेव्हा कुठं ती घराकडे पळाली. पाळीचं जेवण आलं, पाळी एका विधवेच्या घरची होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि शेवग्याची भाजी. ती म्हणाली, "तुम्ही कोनी शेतस हो? चेहरा वळखीना वाटस." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती, मी रडले असते, आणि मला परवा रडायचं नव्हतं. मला ती गाडी तिथं उभी असलेली नुसती बघायची होती. आपल्या जुन्या घराच्या जागी आता पत्र्याचं गोदाम आहे. मी त्याच्या पायरीवर बसून गाडी बघत राहिले, आणि खूप बरं वाटलं.

तुम्हाला म्हणून सांगते, मला कुणी शहाणपण शिकवू नये की देशाला तेल बाहेरून आणावं लागतं, मग थोडं सोसावं लागतं. सोसायला माझी ना नाही. पण सोसायची पाळी नेहमी एकाच घरावर का? भाकरीची पाळीसुद्धा गावात घरोघर फिरते. तुमच्या पाळीला माझी आई गेली. आता त्या बारावीच्या पोरींची पाळी होती. मी म्हटलं, नाही. ह्या वेळी शहराला दुपारी अर्धा तास उभं राहू द्या. उन्हात पाय दुखतील, चार लोक मला शिव्या देतील. देऊ द्या. पोरी सकाळी गाडीत बसल्या, पुस्तकं मांडीवर उघडी, घाटाच्या वळणावर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि प्रश्नांची उत्तरं पाठ म्हणत होत्या. पेपरला सगळ्या वेळेवर पोहोचल्या. सगळ्या, म्हणजे बठ्ठ्या.

आणि तुमच्याबद्दल. त्या पायरीवर बसून मी तुमच्यावर नव्यानं चिडले, पण वेगळ्या कारणानं. खोटं लिहिलं नाहीत, ते बरोबर केलंत. हे म्हणायला मला एवढी वर्षं लागली. पण खोटं लिहायचं नाही आणि हुकूमही पाळायचा, असं का ठरवलंत? मधला एक रस्ता होता ना. खरंच लिहायचं होतं: बायकोचे दिवस भरलेत, गाडी नेत नाही, काय करायचं ते करा. तुम्हाला तो रस्ता दिसलाच नाही. तुम्हाला कुणी दाखवला नाही, आणि तुमच्यामागं "जबाबदारी माझी" लिहिणारं आगारात एकही माणूस नव्हतं. याचं मला वाईट वाटतं, आबा. फार वाईट वाटतं. पण माफ केलंय असं म्हणवत नाही. आईच्या चपला मी हातात धरल्या होत्या, तुम्ही नाही.

काल नोटीस आली. कारणे दाखवा. व्यवस्थापकांनीच आणून दिली, टेबलावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पगारवाढ थांबेल, चौकशी लागेल. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला आणखी काय करणार? त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला, आदेशाचा भंग का केला. त्याचं उत्तर मी एका बैठकीत लिहून टाकलं, त्यात माफीचा शब्द नाही आणि भारमानाचं सगळं ऐकवलंय. दुसऱ्या मुद्द्यापाशी मात्र पेन अडलंय. त्यांनी विचारलंय की लॉगशीटवर ज्या नावानं सही आहे, त्या नावाची कुणी बाई सेवापुस्तकात नाही, याचा खुलासा करावा. मी नोटिशीला जोडलेली प्रत पाहिली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सेवापुस्तकात लग्नानंतरचं नाव आहे, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. सगळ्या नोकरीत मी तीच सही केली. परवा घाईत, केबिनच्या दाराशी उभी राहून, मी माझ्या नावापुढं तुमचं नाव लिहिलं होतं.